डेसिलूच्या मालकीणबाई

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत अमेरिकेतील एका विनोदी नटीची हकीकत कशासाठी, असा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. लेखणी हाती घेताना तो आमच्याही मनात आला होता. त्याचे उत्तर आम्हांस आमच्या घरातच सापडले. आमच्या तीर्थरूपांच्या लहानशा पेढीच्या भागीदारीपत्रात आमच्या मातोश्रींचे नाव होते. प्राप्तिकराच्या वकिलांनी तसा सल्ला दिला होता, एवढेच त्याचे कारण. वर्षातून दोन वेळा कागद घरी येत. मातोश्री स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर येत आणि बोट दाखविले जाईल तेथे सही करून पुन्हा चुलीपाशी जात. पेढीचे येणे किती, देणे किती, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि त्यांना कोणी कधी सांगितलेही नाही. पुढे वडील अकस्मात वारले, आणि ज्या पेढीत मातोश्रींनी कधी पाऊल टाकले नव्हते तिचा सारा भार एका रात्रीत त्यांच्या शिरावर आला. वर्षभरातच पेढी मिटवावी लागली. हे गाऱ्हाणे आम्ही कोणाविरुद्ध मांडीत नाही. अशी भागीदारीपत्रे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कपाटात असतील. म्हणूनच, जिचे नाव प्रारंभी असेच कागदावर दुसऱ्या क्रमांकाने होते, आणि जिच्यावर पुढे सगळा कारभार येऊन पडला, त्या एका बाईचे पुढे काय झाले हे सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटले.

ल्यूसिल बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील जेम्सटाउन या गावी झाला. लाकडी सामानाच्या कारखान्यांचे हे गाव. न्यूयॉर्क महानगराच्या झगमगाटाशी त्याचा काही संबंध नव्हता. वडील टेलिफोन कंपनीत तारा ओढण्याचे काम करीत. १९१५ साली ते विषमज्वराने वारले तेव्हा ल्यूसिल चार वर्षांच्याही नव्हत्या. पुढे त्या आईच्या माहेरी वाढल्या. आजोबा फ्रेड हंट हे कामगार, गरिबांच्या बाजूने तावातावाने बोलणारे आणि नातवंडांवर जीव टाकणारे गृहस्थ. नकला, गाणी व कसरती यांच्या फिरत्या रंगभूमीचे खेळ मुलांना प्रथम दाखविले ते त्यांनीच. १९२७ साली या घरावर मोठे संकट कोसळले. आजोबांच्या देखरेखीखाली मुले परसात बंदुकीने निशाणा मारीत असता गोळी शेजारच्या मुलास लागली व तो कायमचा पंगू झाला. न्यायालयाने भरपाई ठरविली आणि तीत राहते घर गेले. या बाई पुढे लक्षावधी डॉलरांच्या धनी झाल्या तरी पैशाच्या बाबतीत अखेरपर्यंत भित्र्या राहिल्या, असे त्यांचे अनेक सहकारी सांगत. त्या भीतीचे मूळ आम्हांस या गेलेल्या घरात दिसते.

पंधराव्या वर्षी आईने त्यांना न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत घातले. बेटी डेव्हिस ही पुढे थोर ठरलेली अभिनेत्री त्याच शाळेत होती. ल्यूसिल मात्र इतक्या बुजऱ्या की, या मुलीवर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे, असे शिक्षकांनी आईस कळविले. मग कपड्यांच्या दुकानात नवे पोशाख अंगावर घालून गिऱ्हाइकांस दाखविणे, जाहिरातींसाठी चित्रे काढवून घेणे, असे दिवस त्यांनी काढले. १९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या बोलपटातील नर्तकींच्या ताफ्यात जागा मिळाली आणि त्या हॉलिवुडला गेल्या. १९३५ पासून आर. के. ओ. या चित्रसंस्थेत त्या पगारी नटी होत्या. पुढील पंधरा वर्षांत पन्नासांहून अधिक बोलपटांत त्यांनी कामे केली, परंतु पहिल्या पंक्तीत त्यांचे पान कधी मांडले गेले नाही. कमी खर्चाच्या दुय्यम चित्रपटांची राणी, असे लोक त्यांना थोड्या कौतुकाने व थोड्या उपहासाने म्हणत.

१९४० साली त्याच चित्रसंस्थेत त्यांची डेसी आर्नाझ यांच्याशी गाठ पडली. हे क्यूबा बेटातील सांतियागो शहराच्या महापौरांचे चिरंजीव. १९३३ च्या क्रांतीत घरदार गेले आणि हे कुटुंब निर्वासित होऊन अमेरिकेत आले. आर्नाझ गात, ढोल वाजवीत व स्वतःचा वाद्यवृंद घेऊन गावोगाव हिंडत. ल्यूसिलबाईंपेक्षा ते सहा वर्षांनी लहान. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी दोघे विवाहबद्ध झाले. आणि लग्न होताच दोघांची तोंडे दोन दिशांना झाली. त्या हॉलिवुडात, ते दौऱ्यावर, पुढे सैन्यात. १९४४ मध्ये बाईंनी घटस्फोटासाठी अर्जही केला होता. तो तडीस गेला नाही एवढेच. पुढे जो प्रचंड व्यवसाय उभा राहिला त्याच्या मुळाशी नवरा रात्री घरी असावा ही एका बाईची साधी इच्छा होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९४८ पासून बाई ‘माय फेव्हरिट हजबंड’ या नभोवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकेत काम करीत होत्या. ती लोकप्रिय झाल्यामुळे सी. बी. एस. या प्रक्षेपण संस्थेने ती दूरचित्रवाणीवर आणावयाचे ठरविले. बाईंनी अट घातली की, नवऱ्याची भूमिका माझ्या नवऱ्यानेच करावी. स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारा क्यूबाचा माणूस अमेरिकन गृहिणीचा नवरा म्हणून कोणास पटेल, अशी शंका संस्थेच्या अधिकाऱ्यांनी काढली. खरे तर तो खराच नवरा होता! पण अधिकाऱ्यांशी वाद घालीत न बसता या जोडप्याने १९५० च्या उन्हाळ्यात रंगभूमीवरील खेळांचा दौरा काढला आणि प्रेक्षकांनाच निकाल देऊ दिला. त्याच वर्षी दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ‘डेसिलू’ ही संस्था निघाली. अध्यक्ष आर्नाझ, उपाध्यक्ष ल्यूसिलबाई.

येथे थोडे थांबून त्या काळच्या दूरचित्रवाणीची रीत सांगणे अवश्य आहे, कारण सगळी गोम तेथेच आहे. बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये होत आणि घडत असतानाच प्रक्षेपित केले जात. दूरच्या शहरांसाठी पडद्यावर उमटलेल्या चित्राचेच चलच्चित्र घेऊन त्याची फीत पाठवीत. ती अंधूक व डागाळलेली दिसे. मालिकेचे खर्चकर्ते फिलिप मॉरिस हे सिगारेटचे कारखानदार होते आणि त्यांचे बहुसंख्य गिऱ्हाईक पूर्वेकडे राहत होते. तेव्हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून व्हावा, असा त्यांचा आग्रह पडला. जोडप्याला कॅलिफोर्निया सोडावयाचे नव्हते; बाईंना दिवस गेले होते, घर तेथे होते. आर्नाझ यांनी तोड काढली ती अशी की, कार्यक्रम लॉस एंजेलिसमध्येच करावा, परंतु चित्रपटासारखा उत्तम फितीवर घ्यावा, म्हणजे देशभर सर्वांना सारखेच स्वच्छ चित्र दिसेल. खर्च मात्र वाढणार होता. तो भरून काढण्यासाठी दोघांच्या मेहनतान्यातून आठवड्यास १००० डॉलर कापावेत असे संस्थेने सुचविले. आर्नाझ यांनी कपात मान्य केली व मोबदल्यात एकच गोष्ट मागितली. पहिल्या प्रक्षेपणानंतर या फितींची मालकी डेसिलूची असावी.

संस्थेने ती आनंदाने दिली. एकदा पाहिलेला विनोद दुसऱ्यांदा कोण पाहणार, अशीच तेव्हाची समजूत होती. कालच्या वर्तमानपत्राला रद्दीचा भाव, तसाच कालच्या कार्यक्रमाला. आठवड्याचे हजार डॉलर सोडून रद्दी पदरात घेणाऱ्या त्या दोघांना त्यावेळी पुष्कळांनी वेड्यात काढले असेल.

‘आय लव्ह लूसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. आमच्या मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, त्याच्या २१ वर्षे आधीची ही गोष्ट. ल्यूसिलबाईंना हशा दाखवून देणारा प्रेक्षक समोर हवा होता. म्हणून चित्रशाळेतच सुमारे ३०० खुर्च्या मांडल्या आणि नाटकासारखा प्रवेश सलग होऊ देऊन तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण केले. हे तिहेरी चित्रण डेसिलूचाच शोध होय, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते सर्वस्वी खरे नव्हे. तसे प्रयोग थोडे आधीही झाले होते. परंतु तिन्ही कॅमेऱ्यांना पुरेल असा सपाट, छायारहित प्रकाश योजून ती रीत पक्की केली ती कार्ल फ्रॉइंड यांनी. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाचे छायालेखन करणारे हे बुजुर्ग कलावंत या पोरखेळात यावयास प्रथम फारसे राजी नव्हते. विनोदी कौटुंबिक मालिका करण्याची हीच पद्धत पुढे कित्येक दशके रूढ झाली.

मालिकेची कथा ती काय? संसारात सुखी असूनही नवऱ्यासारखे रंगमंचावर झळकावयास धडपडणारी एक बाई, तिचा त्रासलेला पण प्रेमळ नवरा, आणि त्यांचे वयस्क घरमालक जोडपे. जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरॉल हे लेखक प्रसंग रचीत, आणि ल्यूसिलबाई तो दिवसचे दिवस घासून बसवीत. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून येणारा माल वेळेत गुंडाळता येत नाही म्हणून तो तोंडात कोंबणाऱ्या बाईचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना या कलेविषयी आम्ही अधिक सांगावयास नको. सहा हंगामांपैकी चार हंगामांत ही मालिका देशात पहिल्या क्रमांकावर होती.

१९५२ मध्ये बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिल्या. त्या काळी दूरचित्रवाणीवर गरोदर स्त्री दाखविणे दूरच, तो शब्दही उच्चारण्याची चोरी होती. बाईंना खुर्चीटेबलांच्या आड उभे करावे, असे संस्थेने व जाहिरातदारांनी सुचविले. आर्नाझ यांनी थेट सिगारेट कंपनीच्या अध्यक्षांस पत्र लिहिले, आणि खालच्या अधिकाऱ्यांचा विरोध मावळला. मग एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट व एक ज्यू अशा तिघांनी प्रत्येक संहिता वाचून आक्षेपार्ह काही नाही असा निर्वाळा द्यावयाचा, अशी व्यवस्था झाली. १९ जानेवारी १९५३ रोजी सकाळी बाईंना शस्त्रक्रियेने मुलगा झाला, आणि त्याच रात्री आधी चित्रित केलेल्या भागात लूसीलाही मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लक्ष लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, तो पाहणारे सुमारे २ कोटी ९० लक्ष. बाळंतपणाच्या काळात नवे भाग पुरेनात म्हणून काही जुने भाग पुन्हा दाखविले, आणि लोकांनी ते तितक्याच आवडीने पाहिले. रद्दीचे मोल प्रथम तेव्हा कळले.

त्याच वर्षी फिलिप मॉरिसशी ८० लक्ष डॉलरांचा नवा करार झाला, आणि त्याच वर्षी सगळे धुळीस मिळण्याची वेळही आली. १९३६ साली वृद्ध आजोबांच्या समाधानासाठी बाईंनी मतदारयादीत आपला कल कम्युनिस्ट पक्षाकडे असल्याचे नोंदविले होते. अमेरिकेत त्या वर्षांत तेवढी नोंद माणसाला उठवावयास पुरी होती. कितीतरी लेखक-नटांची कामे त्यापायी गेली होती. सप्टेंबर १९५३ मध्ये चौकशी समितीच्या अधिकाऱ्यापुढे बाईंची जबानी झाली, आणि पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले. त्या रात्री चित्रण ठरलेले होते. आर्नाझ यांनी प्रेक्षकांपुढे उभे राहून बायकोची बाजू सांगितली, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जाहिरातदार व संस्था दोघेही पाठीशी राहिले. मालिका एवढी लोकप्रिय नसती तर ते राहिले असते का, हे आम्ही वाचकांच्या विचारावर सोडतो.

यापुढे डेसिलू भराभर वाढली. स्वतःच्या मालिका, दुसऱ्यांच्या मालिकांचे चित्रण, जाहिरातपट, सर्व चालू झाले. या वाढीचे श्रेय मुख्यतः आर्नाझ यांचे आहे. बाईंच्या कौतुकाच्या भरात हे झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. ल्यूसिलबाईंनीही ते कधी झाकले नाही. तालीम व अभिनय त्यांच्याकडे, पैसा व करार त्यांच्या पतीकडे, अशी वाटणी होती. मालिकेच्या फितींचे हक्क सी. बी. एस. संस्थेला ४० लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले, आणि १९५७ च्या अखेरीस डेसिलूने आर. के. ओ.च्या चित्रशाळा सुमारे ६० लक्ष डॉलरांना विकत घेतल्या. ज्या फाटकातून बाई दुय्यम नटी म्हणून रोज आत जात, ज्या आवारात त्यांची व आर्नाझ यांची पहिली भेट झाली, ते आवार आता त्यांचे झाले. ‘गॉन विथ द विंड’ या भव्य चित्रपटाचे चित्रण जेथे झाले ते कल्व्हर सिटीचे आवारही त्यातच आले. १९५८ च्या डिसेंबरात कंपनीचे भाग जनतेस विक्रीला काढण्यात आले.

या काळात बाईंनी स्वतःच्या बुद्धीने केलेले एक काम आम्हांस विशेष वाटते. आर. के. ओ.च्या आवारात एक लहानसे नाट्यगृह होते. जिंजर रॉजर्स या नटीच्या मातोश्री लीला रॉजर्स तेथे पूर्वी होतकरू मुलामुलींना अभिनय शिकवीत, आणि बाई स्वतः त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. मालकी येताच बाईंनी ते नाट्यगृह डागडुजी करून पुन्हा उघडले व तरुण नटनट्यांसाठी कार्यशाळा सुरू केली. पैशाच्या हिशोबाने हा आतबट्ट्याचाच व्यवहार.

घर मात्र सांभाळले गेले नाही. कामाचा बोजा, मद्य व इतर व्यसने यांनी आर्नाझ यांस ग्रासले. नवरा घरी राहावा म्हणून काढलेल्या कंपनीने त्यास घरी राहू दिले नाही. मालिकेचे अखेरचे दीर्घ भाग चित्रित होत असता पडद्यावर हे जोडपे हसतखेळत होते, आणि प्रकाश मालवताच परस्परांशी बोलत नव्हते. ४ मे १९६० रोजी घटस्फोट मंजूर झाला. बाई न्यूयॉर्कला जाऊन संगीत नाटकात उभ्या राहिल्या, तेथे आजारी पडल्या, परत आल्या. १९६१ मध्ये विनोदी नट गॅरी मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कंपनीत मात्र पूर्वीचे पतिपत्नी अजून अध्यक्ष व उपाध्यक्ष होते. असे फार काळ चालणे शक्य नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये बाईंनी आर्नाझ यांचे भाग २५ ते ३० लक्ष डॉलरांच्या दरम्यान किंमत देऊन विकत घेतले आणि त्या डेसिलूच्या अध्यक्षा झाल्या. दूरचित्रवाणीच्या एवढ्या मोठ्या निर्मितिसंस्थेच्या प्रमुखपदी बसणारी ही पहिली स्त्री.

आमच्या मातोश्रींची आठवण आम्हांस येथे होते. फरक एवढाच की, ल्यूसिलबाई गेली बारा वर्षे त्या कारखान्यातच वावरत होत्या. कोणता सुतार किती वेळात काम करतो, कोणता दिवा कोठे हवा, कोणत्या लेखकाचा विनोद फसणार, हे त्यांना ठाऊक होते. ताळेबंद वाचणे मात्र ठाऊक नव्हते, आणि ते आवडतही नव्हते. अध्यक्षपदाचा आपल्याला कंटाळा आहे, असे त्या उघडपणे म्हणत. तरीही भागधारकांच्या वार्षिक सभेत त्या अध्यक्षस्थानी बसत व प्रश्नांना उत्तरे देत. इतर दिवशी आधी आपल्या मालिकेची तालीम, मग संचालकांची बैठक. ‘द लूसी शो’ ही त्यांची नवी मालिका १ ऑक्टोबर १९६२ पासून चालू होती. ती सी. बी. एस.ला हवीशी होती, हे त्या जाणून होत्या. म्हणून पुढील वर्षी काम करू की नाही याचा होकार त्या दरवर्षी शेवटपर्यंत राखून ठेवीत आणि त्या जोरावर कंपनीसाठी बऱ्या अटी मिळवीत. हिशोब न येणाऱ्या बाईची ही युक्ती कसलेल्या सावकारालाही शोभली असती.

कंपनीची खरी स्थिती नाजूक होती. १९६४ च्या सुमारास चित्रशाळा भाड्याने देण्याचे उत्पन्न होते; पण डेसिलूची स्वतःची म्हणावी अशी मालिका जवळजवळ ही एकच उरली होती. बाईंनी ऑस्कर काट्झ व हर्बर्ट सोलो या दोघांस नव्या मालिका शोधण्यास नेमले. सोलो यांनी दोन कल्पना आणल्या. एक जीन रॉडेनबेरी यांची, अंतराळात हिंडणाऱ्या जहाजाची, ‘स्टार ट्रेक’. दुसरी ब्रूस गेलर यांची, गुप्तहेरांच्या टोळीची, ‘मिशन: इम्पॉसिबल’. दोन्ही महागड्या. ‘स्टार ट्रेक’ म्हणजे सैनिकांच्या करमणुकीसाठी दौऱ्यावर निघालेल्या नटनट्यांची गोष्ट असावी, असा बाईंचा प्रथम समज झाला होता, असे सोलो यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. वाचक हसतील, आम्हीही हसलो. पण कथेची माहिती असणे निराळे आणि माणसांची पारख असणे निराळे.

‘स्टार ट्रेक’च्या नमुन्याच्या भागास ६ लक्षांहून अधिक डॉलर लागले, आणि एन. बी. सी. या प्रक्षेपण संस्थेने तो नाकारला. मात्र दुसरा नमुना करून दाखवा, असे सांगितले. असे सहसा होत नसे. पुढे दोन्ही मालिका विकल्या गेल्या, तेव्हा खरी अडचण उभी राहिली. प्रत्येक भागास प्रक्षेपण संस्था जे देत त्याहून खर्च अधिक होणार होता, म्हणजे जितके भाग काढावे तितका तोटा. तो भरून निघावयाचा तर वर्षांनंतर, पुनःप्रक्षेपणातून. तोवर कंपनी तगेल की नाही, अशी भीती हिशोबनिसांस वाटली व त्यांनी मालिका सोडून देण्याचा सल्ला दिला. संचालक मंडळाचा कलही तिकडेच होता. ल्यूसिलबाईंनी सोलो यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मालिका होतील असे सांगितले. बहुमत विरुद्ध असता अध्यक्षाचा शब्द चालला. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ १७ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली.

आमच्या मते बाईंच्या कारभाराची कसोटी याच निर्णयात लागली. पतीने १९५१ मध्ये हजार डॉलर सोडून फिती मागितल्या, त्याच वाटेने त्या १५ वर्षांनी स्वतः गेल्या. आज तोटा आणि उद्या मालकी. परंतु हिशोबनिसांचे भयही पोकळ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तोटा खरोखरीच वाढत गेला. शेजारच्या पॅरामाउंट चित्रसंस्थेचे मालक गल्फ अँड वेस्टर्न यांनी डेसिलूला मागणी घातली, आणि बाई अखेरच्या दिवसांपर्यंत कचरत राहिल्या असे चरित्रकार सांगतात. पण १९६७ मध्ये सही झाली. किंमत सुमारे १ कोटी ७० लक्ष डॉलर, तीही रोख नव्हे, खरेदीदार कंपनीच्या भागांच्या रूपाने. त्यात बाईंचा वाटा सुमारे १ कोटीचा. दोन्ही आवारांच्या मधली भिंत पाडण्यात आली आणि डेसिलू हे नाव कारभारातून गेले.

‘स्टार ट्रेक’ ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. त्यानंतर पुनःप्रक्षेपणात तिने असा काही जोर धरला की, १९७९ पासून तिच्यावर चित्रपट निघू लागले, नव्या मालिका निघाल्या; ‘मिशन: इम्पॉसिबल’चेही तसेच झाले. तो सारा लाभ पॅरामाउंटचा. ‘आय लव्ह लूसी’च्या पुनःप्रक्षेपणाचा लाभ सी. बी. एस.चा. या बाईंच्या हातून घडलेल्या सर्वांत मौल्यवान तीन वस्तू त्यांनीच विकल्या, तीही भाव येण्यापूर्वी. १९५७ ची विक्री मोठ्या उडीसाठी भांडवल हवे म्हणून आणि १९६७ ची छाती दडपली म्हणून, असा भेद आम्ही करतो. कोणास तो पटणार नाही.

विक्रीनंतर बाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी ‘ल्यूसिल बॉल प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची लहान संस्था काढली आणि ‘हिअर्स लूसी’ ही मालिका १९७४ पर्यंत चालविली. तीत त्यांची मुलगी ल्यूसी व मुलगा डेसी दोघेही कामे करीत. कंपनी आटोपशीर, खर्च नेटका. एवढा विस्तार त्यांना बहुधा मानवत असावा. पंचाहत्तरीत, १९८६ साली, त्यांनी पुन्हा एक मालिका केली. तिचे ८ भाग दाखवून ती बंद करण्यात आली. हा घाव त्यांना फार लागला. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी डेसी आर्नाझ वारले. घटस्फोटानंतरही त्या दोघांतील स्नेह टिकला होता.

ल्यूसिल बॉल २६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे महारोहिणीच्या विकाराने निवर्तल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांकडून दिले जाणारे स्वातंत्र्यपदक त्यांना मरणोत्तर मिळाले. अस्थी प्रथम हॉलिवुडमध्ये होत्या. पुढे मुलांनी त्या जेम्सटाउनला नेल्या. तेथील लेक व्ह्यू दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी आता त्या आहेत.